चॅन्सेलर कोण, हे विचारण्याआधी कुणाचा ते विचारा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चुकलं असेल तर लगेच दिसेल. तुम्ही भाषांतराचं काम नव्यानं सुरू केलंय. एकाच महिन्यात चार मजकूर आले आणि चौघांतही ‘चॅन्सेलर’. पहिल्यात जर्मनीचा चॅन्सेलर संसदेत विश्वासमत मागतो. दुसऱ्यात ब्रिटनचा चॅन्सेलर अर्थसंकल्प मांडतो. तिसऱ्यात अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याचा व्हाइस चॅन्सेलर एका कंपनीच्या भागधारकांच्या भांडणात निकाल देतो. चौथ्यात एक विद्यापीठ नवा चॅन्सेलर नेमतं. शब्दकोश सांगतो ‘कुलपती’, आणि आधी व्हाइस लागला असेल तर ‘कुलगुरू’. कुलगुरू कंपन्यांचे खटले कधीपासून चालवायला लागले, असं तुम्ही विचारलंय. आणि या शब्दाचा खरा अर्थ एकदाचा सांगा, असंही.

पहिली गोष्ट, तुम्ही एकटे नाही. मी हे काम तीस वर्षं करतोय. त्यातली सुरुवातीची वर्षं एका दैनिकात परदेशच्या बातम्या मराठीत आणण्यात गेली. तिथे पहिल्याच वर्षी माझ्या हातून एक वाक्य छापून गेलं: ‘ब्रिटनच्या कुलपतींनी सिगारेटवरील कर वाढवला.’ चार दिवसांनी एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं. तिकडच्या विद्यापीठांना कर बसवण्याचा अधिकार आहे हे वाचून आनंद झाला, इकडेही तसं झालं तर प्राध्यापकांचे पगार वेळेवर होतील, असं त्यात होतं. ते कार्ड मी बरीच वर्षं टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं.

शब्दकोशाची यात फारशी चूक नाही. गोंधळ होतो तो चॅन्सेलर हे एका ठरावीक कामाचं नाव आहे असं आपण धरून चालतो म्हणून. ते पदनाम आहे, आणि पदनामं फिरतात. आपल्याकडचा ‘अध्यक्ष’ घ्या. विधानसभेचा अध्यक्ष, अमेरिकेचा अध्यक्ष, साहित्य संमेलनाचा अध्यक्ष आणि गृहनिर्माण संस्थेचा अध्यक्ष यांच्यात खुर्चीखेरीज काय सारखं आहे? ‘सेक्रेटरी’चंही तेच: मंत्रालयात तो सचिव, क्रीडामंडळात चिटणीस, आणि अमेरिकेत चक्क मंत्री. चॅन्सेलर हा या सगळ्यांचा थोरला भाऊ. त्याचा प्रवास जास्त लांबचा, म्हणून फसगतही जास्त.

हा प्रवास ठाऊक असला की अर्ध्याहून जास्त कोडी आपोआप सुटतात, म्हणून त्यावर थोडा वेळ घालवतो.

मूळ लॅटिन शब्द ‘कान्सेल्ली’. अर्थ जाळी, गजांचा कठडा. रोमन न्यायालयात न्यायाधीश आणि गर्दी यांच्यामध्ये अशी जाळी असे. तिच्यापाशी उभा राहून लोकांना आत सोडणारा, अर्ज-कागद आतबाहेर करणारा जो माणूस, तो ‘कान्सेल्लारिउस’. म्हणजे मुळात हा दारावरचा माणूस, फार तर शिरस्तेदार. इंग्रजीतला ‘कॅन्सल’ त्याच जाळीतून आलाय: लिहिलेल्यावर आडव्यातिडव्या रेघा मारल्या की जाळी दिसते आणि मजकूर रद्द होतो. चर्चमध्ये वेदीजवळच्या, कठड्यापलीकडच्या जागेला ‘चॅन्सेल’ म्हणतात, तेही त्यातूनच.

दारावरच्या माणसाचा दरबारातला मोठा माणूस कसा झाला? कागद ज्याच्या हातून जातात त्याचं वजन वाढतंच, हे कुठल्याही कचेरीत हेलपाटे घातलेल्याला सांगायला नको. मध्ययुगीन युरोपात लिहिता-वाचता येणारे थोडे, आणि तेही बहुतेक धर्मगुरू. राजाची पत्रं लिहायची, सनदा तयार करायच्या आणि शेवटी त्यांवर राजाचा शिक्का उठवायचा, हे काम त्यांच्यातल्या एकाकडे आलं. तो राजाचा चॅन्सेलर. जुनी मराठी पत्रं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे लगेच कळेल. आपल्याकडे पत्राच्या शेवटी ‘मोर्तब सुद’ येत असे; ते उमटेपर्यंत कागद नुसता कागद. शिवकालात पत्रं तपासण्याचं काम सचिवाकडे, म्हणजे सुरनिसाकडे होतं. युरोपातला जुना चॅन्सेलर कुणासारखा, असं कुणी विचारलं तर मी सुरनिसाकडे बोट दाखवतो. कुलपतीशी त्याचं दूरचंही नातं नाही.

चॅन्सेलर म्हणजे शिक्क्याजवळचा माणूस, एवढं लक्षात ठेवा. पुढची सगळी रूपं इथूनच फुटली आहेत. ज्या देशात शिक्क्याचा माणूस जिकडे सरकला, तिकडे शब्दाचा अर्थ सरकला.

इंग्लंडमध्ये तो न्यायाकडे सरकला. लॉर्ड चॅन्सेलरकडे राजाचा मोठा शिक्का. राजाकडे दाद मागायला आलेले अर्ज त्याच्याकडे जाऊ लागले, कारण नेहमीच्या न्यायालयांचे नियम ताठर होते आणि त्यांत न बसणाऱ्या माणसाला दुसरा वाली नव्हता. त्यातून ‘कोर्ट ऑफ चॅन्सरी’ उभं राहिलं. तिथे कायद्याच्या अक्षरापेक्षा सदसद्विवेकानं निकाल देण्याची रीत, म्हणजे ‘इक्विटी’, वाढली. असा न्याय चॅन्सेलरच्या पावलाच्या मापानं लहानमोठा होतो, असा टोमणा इंग्रज कायदेपंडित जॉन सेल्डननं सतराव्या शतकात मारला होता. हे पद भूषवणाऱ्यांची नावं पाहिली की त्याचं वजन कळतं. टॉमस बेकेट ११५५ ते ११६२ या काळात चॅन्सेलर होता. पुढे आर्चबिशप झाला, राजाशी बिनसलं आणि ११७० मध्ये त्याचा खून झाला. कार्डिनल वूल्झी १५१५ ते १५२९. त्याच्यानंतर टॉमस मोर, तीन वर्षांत पायउतार आणि १५३५ मध्ये शिरच्छेद. शिक्क्याजवळची जागा मानाची खरी, सुखाची नव्हे.

हा लॉर्ड चॅन्सेलर अगदी अलीकडेपर्यंत एकाच वेळी मंत्री, वरिष्ठ सभागृहाचा म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सचा सभापती आणि न्यायव्यवस्थेचा प्रमुख होता. सत्ताविभाजन शिकवणाऱ्या प्राध्यापकांना तो अपवाद म्हणून फार उपयोगी पडे. २००५ च्या घटनात्मक सुधारणा कायद्यानं ही तिहेरी गाठ सोडवली. २००६ पासून लॉर्ड्सना स्वतंत्र सभापती आहे, आणि २००७ पासून लॉर्ड चॅन्सेलर हा न्यायमंत्रीही असतो. म्हणून तारीख पाहिल्याशिवाय या शब्दाला हात लावू नका. १९९० च्या मजकुरातला लॉर्ड चॅन्सेलर आणि आजचा, यांचं पदनाम सोडलं तर बरंच काही बदललंय.

आता तुमचा दुसरा मजकूर, अर्थसंकल्प मांडणारा. हा लॉर्ड चॅन्सेलर नव्हे, हा ‘चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर’. एक्स्चेकर म्हणजे राजाचा जमाखर्च तपासणारं खातं. चौकटी असलेल्या कापडावर मोहरे मांडून हिशेब करत, म्हणून बुद्धिबळाच्या पटावरून ते नाव पडलं. मोठा चॅन्सेलर आधी स्वतः तिथे बसत असे. पुढे त्याला वेळ होईना, तेव्हा त्याचा कारकून त्याच्या वतीनं बसू लागला आणि तेराव्या शतकात एक्स्चेकरच्या वेगळ्या शिक्क्यासह तो स्वतःच ‘चॅन्सेलर’ म्हणवला जाऊ लागला. कारकुनाच्या हाती तिजोरीचा शिक्का, आणि तिजोरीचं वजन वाढत गेलं तसं त्याचंही. आज तो सरकारातला बहुधा क्रमांक दोनचा मंत्री, राहायला ११ डाउनिंग स्ट्रीट, पंतप्रधानांच्या शेजारी. जुलै २०२४ मध्ये रेचल रीव्ज या पदावर आलेल्या पहिल्या महिला ठरल्या. मराठीत याला सरळ ‘अर्थमंत्री’ लिहावं. मूळ पदनामाचा डौल जातो, अशी तक्रार काही संपादक करतात. मला ती पटत नाही. वाचकाला कर कुणी वाढवला ते कळलं पाहिजे, डौल नंतर.

ब्रिटनमध्येच तिसरा एक आहे, ‘चॅन्सेलर ऑफ द डची ऑफ लँकेस्टर’. नावापुरतं खातं असलेला, पंतप्रधान देतील ते काम करणारा मंत्री. पहिल्या महायुद्धातल्या दार्दानेल्सच्या मोहिमेतल्या अपयशानंतर १९१५ मध्ये चर्चिलना नौदलमंत्रिपदावरून काढून याच जागी बसवलं होतं. त्या काळच्या मजकुरात हे पद आलं तर ‘बिनखात्याचा मंत्री’ म्हटल्याशिवाय वाचकाला ती शिक्षा होती हे समजत नाही.

जर्मनीत गाडी वेगळ्याच रुळावर गेली. तिथे शिक्क्याचा माणूस सरकारचा प्रमुख झाला. बिस्मार्क १८६७ मध्ये उत्तर जर्मन संघराज्याचा चॅन्सेलर झाला आणि १८७१ मध्ये साम्राज्याचा. त्याला नेमायचं बादशहानं आणि काढायचंही बादशहानं. संसदेच्या बहुमतानं तो पडत नसे. १८९० मध्ये तरुण बादशहा विल्हेल्म दुसऱ्याशी खटके उडाले आणि त्याला जावं लागलं. पहिल्या महायुद्धानंतरच्या वायमार प्रजासत्ताकात चॅन्सेलरला राष्ट्राध्यक्ष नेमे आणि वर संसदेचा विश्वासही लागे. दोन धन्यांचा हा चाकर फार काळ टिकत नसे, सरकारं भराभर कोसळत. ३० जानेवारी १९३३ ला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गनं हिटलरला नेमलं ते चॅन्सेलर म्हणूनच. हिंडेनबुर्ग ऑगस्ट १९३४ मध्ये वारला आणि हिटलरनं दोन्ही पदं एकत्र केली. १९३३ मध्ये हिटलर ‘राष्ट्राध्यक्ष झाला’ असं मराठीत अनेकदा वाचायला मिळतं. तो तेव्हा चॅन्सेलर झाला. राष्ट्राध्यक्षाचे अधिकार त्यानं दीड वर्षानंतर गिळले. ही दोन पदं वेगळी होती हे वाचकाला कळलं नाही तर त्या दीड वर्षात काय घडत होतं तेही कळत नाही.

१९४९ चं जर्मन संविधान लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हेच होतं. त्यांनी राष्ट्राध्यक्षाला बव्हंशी मानाच्या खुर्चीवर बसवलं आणि चॅन्सेलरला संसदेच्या हाती दिलं. पण अशा रीतीनं की त्याला उगाच कुणी पाडू नये. कलम ६७ प्रमाणे त्याला हटवायचं असेल तर त्याच मतदानात त्याचा वारस निवडावा लागतो. नुसतं ‘नको’ म्हणून चालत नाही, ‘मग कोण’ तेही सांगावं लागतं. आजवर हा प्रयोग दोनदा झाला. १९७२ मध्ये विली ब्रांटविरुद्धचा प्रस्ताव दोन मतांनी हुकला. १ ऑक्टोबर १९८२ ला हेल्मुट श्मिट गेले आणि हेल्मुट कोल आले.

तुमच्या मजकुरातलं विश्वासमत हे यापेक्षा वेगळं, कलम ६८ चं: चॅन्सेलर स्वतः सभागृहाकडे विश्वास मागतो, आणि कधी कधी हरण्यासाठीच मागतो, कारण हरला की राष्ट्राध्यक्षाला संसद बरखास्त करता येते. ओलाफ शोल्झ १६ डिसेंबर २०२४ ला असे हरले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मुदतीआधी निवडणूक झाली. म्हणून तुमच्या वाक्यात ‘अविश्वास ठराव’ लिहू नका. चॅन्सेलरविरुद्ध ठराव कुणी आणलेला नाही, मतदान त्यानं स्वतः ओढवून घेतलंय. पुढे ६ मे २०२५ ला फ्रीडरिश मेर्झ पहिल्या फेरीत बहुमताला सहा मतं कमी पडले आणि दुसऱ्या फेरीत निवडून आले. युद्धोत्तर जर्मनीत पहिल्या फेरीत अडखळलेले ते पहिले. १९४९ मध्ये पहिले चॅन्सेलर आडेनाउअर लागत होती तेवढीच २०२ मतं मिळवून आले होते, म्हणजे काठावर पास, आणि मग चौदा वर्षं राहिले.

इथे शब्द कुठला वापरायचा? मी ‘चॅन्सेलर’च ठेवतो आणि पहिल्या उल्लेखात ‘जर्मन सरकारचे प्रमुख’ असं एकदा जोडतो. ‘पंतप्रधान’ लिहिणं अगदी चूक नाही, काम बरंचसं तेच आहे. पण बहुतेक जर्मन राज्यांच्या मुख्यमंत्र्यांचं पदनाम ‘मिनिस्टरप्रेसिडेंट’ आहे. त्याचंही शब्दशः भाषांतर ‘पंतप्रधान’ होऊन बसलं तर एका देशात चौदा पंतप्रधान होतात. ‘राष्ट्राध्यक्ष’ मात्र कदापि नको. अँजेला मर्केल २००५ ते २०२१ अशी सोळा वर्षं चॅन्सेलर होत्या आणि त्या काळात आपल्या भाषेत त्यांना कितीदा राष्ट्राध्यक्षा करण्यात आलं याची मोजदाद नाही. त्यांच्या वेळी खऱ्या राष्ट्राध्यक्षांच्या खुर्चीवर चार माणसं येऊन गेली. जर्मनमध्ये त्यांच्यासाठी ‘कान्त्स्लरिन’ असं स्त्रीलिंगी रूप रूढ झालं. मराठीत ती अडचण नाही, ‘चॅन्सेलर म्हणाल्या’ एवढ्यानं भागतं.

आणि हो, जर्मनीतही व्हाइस चॅन्सेलर असतो. चॅन्सेलरनं आपल्या मंत्र्यांपैकी एकाला दिलेली ती उपाधी, साधारण आघाडीतल्या दुसऱ्या पक्षाच्या नेत्याला. २०२१ नंतर रोबर्ट हाबेक तसे होते. ‘जर्मनीचे कुलगुरू हाबेक’ हे मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलंय. उपचॅन्सेलर म्हणा.

जर्मन बोलणाऱ्या देशांत तरी एकच अर्थ असेल असं वाटतं ना? नाही. ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर सरकारचा प्रमुख खरा, पण तो समानांतला पहिला. जर्मन चॅन्सेलरला धोरणाची दिशा ठरवण्याचा जो अधिकार कलम ६५ देतं, तसा त्याला नाही. आणि स्वित्झर्लंडमध्ये अगदी तेच पदनाम, ‘बुंडेसकान्त्स्लर’, पण माणूस वेगळा. तिथे सात जणांचं मंत्रिमंडळ देश चालवतं आणि चॅन्सेलर त्यांच्या कचेरीचा प्रमुख असतो. बैठकीत बसतो, सल्ला देतो, मत देत नाही. संसद त्याला चार वर्षांसाठी निवडते. गमतीनं त्याला आठवा मंत्री म्हणतात. स्विस चॅन्सेलरला ‘स्वित्झर्लंडचे पंतप्रधान’ लिहिलंत तर तिथला माणूस खो खो हसेल. खरं तर १८०३ पासून चालत आलेलं हे पद मूळ अर्थाशी सगळ्यांत इमानदार राहिलंय. कागद, नोंदी, शिक्का.

आता विद्यापीठ. मराठी माणसाची सगळ्यांत जास्त फसगत इथे होते, कारण इथे आपल्याला शब्द ठाऊक असल्याचा विश्वास असतो.

ब्रिटिश पद्धतीत चॅन्सेलर हा विद्यापीठाचा मानाचा प्रमुख. पदवीदान समारंभात झगा घालून बसणारा. राणी एलिझाबेथ दुसरी यांचे पती प्रिन्स फिलिप १९७६ ते २०११ केंब्रिजचे चॅन्सेलर होते. रोजचा कारभार व्हाइस चॅन्सेलर पाहतो. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे विद्यापीठं निघाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, आणि चॅन्सेलरची खुर्ची गव्हर्नर जनरल किंवा गव्हर्नरला दिली गेली. मुंबईचे पहिले चॅन्सेलर लॉर्ड एल्फिन्स्टन हे त्या वेळचे गव्हर्नरच. राज्यपाल हेच राज्यातल्या विद्यापीठांचे कुलपती, हा आजचा रिवाज तिथून आलाय. मात्र आपल्याकडचा कुलपती नुसता झग्याचा धनी नाही. कुलगुरूंची नेमणूक त्याच्या सहीनं होते. म्हणून तर त्या खुर्चीवरून वाद होतात. २०२२ मध्ये पश्चिम बंगाल आणि केरळ या दोन्ही विधानसभांनी राज्यपालांना कुलपतिपदावरून हटवण्याची विधेयकं मंजूर केली होती.

मराठीत चॅन्सेलर तो कुलपती आणि व्हाइस चॅन्सेलर तो कुलगुरू. हिंदीत परंपरेनं व्हाइस चॅन्सेलर म्हणजे ‘कुलपति’, आणि चॅन्सेलर म्हणजे ‘कुलाधिपति’. दीर्घ-ऱ्हस्वाचा फरक सोडला तर शब्द एकच, हुद्दा मात्र एक पायरी खाली. माझ्या एका सहकाऱ्यानं हिंदी वृत्तसंस्थेच्या बातमीवरून ‘कुलपतींचा राजीनामा’ असा मथळा दिला होता. रात्री उशिरा कुणीतरी विचारलं, राज्यपालांनी राजीनामा दिला आणि पहिल्या पानावर का नाही? राजीनामा अर्थात कुलगुरूंचा होता. अलीकडे मध्य प्रदेश आणि राजस्थान यांनी हिंदीतही ‘कुलगुरु’ स्वीकारलंय, त्यामुळे आता हिंदी मजकूर समोर आला की राज्य कुठलं आणि वर्ष कुठलं, दोन्ही पाहावं लागतं. सोय झाली की अडचण वाढली, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

‘कुलपती’ हा शब्द तसा जुना आणि गोड. महाभारताच्या आरंभी नैमिषारण्यात सत्र करणाऱ्या शौनकाला कुलपती म्हटलंय, आणि परंपरा सांगते की दहा हजार शिष्यांना अन्न देऊन शिकवणारा तो कुलपती. शिकवणारा! म्हणजे व्युत्पत्तीनं पाहिलं तर हिंदीवाल्यांचं फारसं चुकलं नव्हतं, कारण विद्यापीठ प्रत्यक्ष चालवणारा माणूस त्यांनी कुलपती धरला. पण भाषांतर व्युत्पत्तीवर होत नाही, चालू वापरावर होतं.

केंद्रीय विद्यापीठांत आणखी फाटे आहेत. दिल्ली विद्यापीठाचे कुलपती उपराष्ट्रपती असतात. विश्वभारतीचे कुलपती पंतप्रधान; तिथे त्या पदाला ‘आचार्य’ म्हणतात आणि कुलगुरूंना ‘उपाचार्य’. शांतिनिकेतनच्या बंगाली मजकुरातल्या आचार्यांना नुसतं आचार्य ठेवलंत तर वाचक एखाद्या वृद्ध गुरूंची मूर्ती डोळ्यांसमोर आणेल.

आणि अमेरिकेत सगळंच उलटंपालटं. कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कली, लॉस एंजेलिस अशा प्रत्येक आवाराचा प्रत्यक्ष कारभारी म्हणजे चॅन्सेलर, आणि सगळ्या आवारांवर मिळून प्रेसिडेंट. त्याच राज्यातली दुसरी सरकारी व्यवस्था, कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, हिच्यात सगळ्यांवर चॅन्सेलर आणि प्रत्येक आवाराला प्रेसिडेंट. एकाच राज्यात एकच शब्द दोन टोकांना. न्यू यॉर्क शहरात तर सरकारी शाळांच्या प्रमुखालाही चॅन्सेलर म्हणतात. या सगळ्यांना कुलपती म्हणणं म्हणजे काम करणाऱ्या माणसाला मानाच्या खुर्चीवर बसवणं. बर्कलीच्या चॅन्सेलरचं काम आपल्याकडच्या कुलगुरूसारखं आहे. मी ‘बर्कलीचे प्रमुख’ किंवा सरळ ‘चॅन्सेलर’ लिहितो. ‘कुलगुरू’ लिहायचा मोह होतो, पण तिथे व्हाइस चॅन्सेलरही अनेक असतात, कुणी संशोधनाचा, कुणी वित्ताचा. मग त्यांना काय म्हणणार?

राहिलेली रूपं भराभर सांगतो. स्वीडन, फिनलंड, एस्टोनिया इथला ‘न्यायाचा चॅन्सेलर’ हा सरकारी कारभार कायद्याला धरून चाललाय का ते पाहणारा अधिकारी. स्वीडनमध्ये ते पद १७१३ पासून आहे. कॅथलिक धर्मप्रांताचा चॅन्सेलर बिशपच्या कचेरीची कागदपत्रं जपतो. दूतावासातली ‘चॅन्सरी’ म्हणजे वकिलातीचं कार्यालय, तिथे कुणी चॅन्सेलर बसलेला नसतो. फ्रान्समध्ये राजाचा चॅन्सेलर उरला नाही, पण न्यायमंत्र्याची उपाधी अजून ‘शिक्क्यांचा राखणदार’ आहे.

ऐकून भाषांतर करत असाल तर कानाचा एक धोका. काउन्सिलर म्हणजे नगरसेवक, काउन्सेलर म्हणजे समुपदेशक किंवा वकिलातीतला एक हुद्दा, कॉन्सुल म्हणजे वाणिज्यदूत. यांतला कुणीही घाईत चॅन्सेलर होऊ शकतो. आँग सान स्यू ची २०१६ पासून २०२१ च्या लष्करी उठावापर्यंत म्यानमारच्या ‘स्टेट काउन्सेलर’ होत्या, आणि अधूनमधून त्यांना चॅन्सेलर केलं गेलं.

आता तुमचा तिसरा मजकूर, डेलावेअरचा. इंग्लंडचं कोर्ट ऑफ चॅन्सरी एकोणिसाव्या शतकात इतर न्यायालयांत विलीन झालं, पण समुद्रापलीकडे नेलेलं त्याचं रोप जगलं. डेलावेअरमध्ये १७९२ पासून कोर्ट ऑफ चॅन्सरी आहे. अमेरिकेतल्या असंख्य मोठ्या कंपन्या कागदोपत्री त्याच राज्यात नोंदलेल्या असल्यानं त्यांची भांडणं तिथे जातात. ज्यूरी नसते, न्यायाधीशच निकाल देतात. मुख्य न्यायाधीश तो चॅन्सेलर, बाकीचे व्हाइस चॅन्सेलर. २०२२ मध्ये ट्विटर विकत घेण्याच्या करारावरून कंपनीनं इलॉन मस्क यांच्यावर दावा लावला तो याच न्यायालयात, चॅन्सेलर कॅथलीन मकॉर्मिक यांच्यासमोर. तेव्हा तुमच्या वाक्यात ‘न्यायाधीश’ लिहा, आणि फार तर पहिल्या उल्लेखात ‘डेलावेअरच्या चॅन्सरी न्यायालयाचे’ एवढं जोडा. ‘उपन्यायाधीश’ नको, व्हाइस असले तरी निकाल त्यांचा पूर्ण असतो.

माझी स्वतःची पद्धत म्हणाल तर अशी. शब्द दिसला की आधी कुणाचा चॅन्सेलर ते पाहतो: देशाचा, खात्याचा, न्यायालयाचा की विद्यापीठाचा. मग तो स्वतः निर्णय घेतो की दुसऱ्याच्या निर्णयावर शिक्का मारतो. काम कळलं आणि त्या कामाला मराठीत रुळलेला शब्द असला, जसा अर्थमंत्री किंवा न्यायाधीश, तर तो. नसला तर चॅन्सेलर तसाच, सोबत तीन-चार शब्दांचा खुलासा. कायदेशीर कागद असेल तर मात्र मूळ पदनाम देवनागरीत ठेवतोच, मग ते वाचकाला कितीही खुपो, कारण तिथे पदनामाला कायद्याचं वजन असतं. बातमीत तसं नाही. आणि एखाद्या संस्थेनं स्वतःच्या मराठी कागदांवर एखादा शब्द छापलेला असेल तर माझं सगळं पांडित्य बाजूला ठेवून तोच घेतो.

पहिल्या तीन मजकुरांचं तर झालं: चॅन्सेलर, अर्थमंत्री, न्यायाधीश. चौथ्याचं मला इथे बसून सांगता येणार नाही, कारण ते विद्यापीठ कुठलं हे तुम्ही लिहिलेलं नाही. नाव कळवा. आणि जमलं तर त्या बातमीतलं नेमणूक कोण करतंय ते वाक्यही पाठवा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.